छापखाना सोडला तेव्हा: फाळके कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

चाळिशीत धंदा बदलणाऱ्या माणसाचं उदाहरण द्यायची वेळ आली की आपल्याकडे धुंडिराज गोविंद फाळके हे नाव हमखास निघतं. गोष्टीचा साचाही ठरलेला. माणसाने पडद्यावर हलती चित्रं पाहिली, त्याला वेड लागलं, त्याने सर्वस्व पणाला लावलं आणि भारतीय चित्रपट जन्माला आला. यातल्या 'सर्वस्व पणाला लावलं' या शब्दांवरून सांगणारा इतका भरभर पुढे जातो की सर्वस्व म्हणजे नेमकं काय, त्याचे हक्कदार कोण होते आणि ते पणाला लागलं तेव्हा घरात कोण कोण जेवायला होतं, हे विचारायचं राहूनच जातं.

इथे तेवढंच विचारायचं आहे. फाळक्यांचे चित्रपट कलेच्या दृष्टीने कसे होते, हा विषय वेगळा आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. १९११ साली एका कर्त्या माणसाने चालता धंदा सोडला आणि १९१३ च्या मे महिन्यापर्यंत नव्या धंद्याचा पैसा घरात आला नाही. मधल्या काळात बायको-मुलांचं घर मोडलं नाही, ते कशाच्या जोरावर?

माझं म्हणणं आधीच सांगतो. कसबाच्या बाजूने पाहिलं तर फाळक्यांनी झेप वगैरे काही घेतली नाही. एक पायरी चढले, तीही बरीच ओळखीची. झेप होती ती पैशाच्या बाजूला, आणि ती त्यांच्या घराने घेतली.

छापखान्यापर्यंतचा प्रवास

जन्म १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड मुंबईला आलं. १८८५ साली धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथून मोठ्या भावाबरोबर बडोद्याला, कलाभवनात. चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम असं जे जे हाताला लागेल ते त्यांनी तिथे शिकून घेतलं. कलाभवनाचे प्रमुख प्रा. गज्जर यांनी हा मुलगा हेरला आणि ब्लॉक बनवण्याचं तंत्र शिकायला त्याला रतलामला धाडलं. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली, तिला सुवर्णपदक मिळालं.

१८९५ मध्ये गोध्र्याला फोटोचा व्यवसाय सुरू केला. १९०० साली प्लेगने पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेली. ते गाव सोडून फाळके बडोद्याला परतले. तिथे कॅमेऱ्याने माणसाची शक्ती ओढून घेतली जाते अशी समजूत पसरलेली, त्यामुळे फोटोचा धंदा चालेना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगव, जादूचे प्रयोग शीक, असं चाललं. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. गिरिजा करंदीकर सासरी येऊन सरस्वतीबाई झाल्या. त्यांचं माहेर किर्लोस्कर नाटक मंडळीच्या गोतातलं, म्हणजे रंगभूमी म्हणजे काय आणि कलावंतांचं बिऱ्हाड कसं असतं हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून सरकारी नोकरी लागली. तीन वर्षांत ती सोडली. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेचा तो काळ. लोणावळ्याला भागीदारीत छापखाना काढला, रविवर्म्याच्या छापखान्यासाठी कामं केली, मग बिऱ्हाड आणि धंदा दादरला हलला, भागीदार बदलला, छापखान्याचं नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झालं. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं पाहायला-आणायला ते जर्मनीला जाऊन आले. छापखान्याला नाव होतं, कामं होती. १९११ साली भागीदाराशी बिनसलं आणि फाळके बाहेर पडले.

मी ही यादी मुद्दाम भराभर वाचली. एरवी ती 'कुठेच टिकला नाही' अशी वाचली जाते, आणि एखाद्या मुलीच्या बापाने स्थळ म्हणून तपासली असती तर त्यानेही तशीच वाचली असती. पण १९१२ मध्ये चित्रपट करायला काय काय यावं लागत होतं ते शेजारी मांडून पाहा. भिंग आणि प्रकाश: गोध्रा आणि पुरातत्त्व खातं. रसायनं आणि अंधारी खोली: तेच, शिवाय रतलाम. देखावे आणि पडदे: बडोदा. पडद्यावर माणूस अदृश्य करायचा, देव प्रकट करायचा, तर त्याला जादूगाराची नजर हवी, तीही होती. परदेशातून यंत्र आणून स्वतः जोडायचं आणि चालवायचं, हे छापखान्याने शिकवलेलं. नवीन होती ती एकच गोष्ट: फीत हलते कशी आणि लांबच्या लांब फीत धुवायची कशी. बाकीचं सगळं वीस-पंचवीस वर्षांत अंगात मुरलं होतं.

बिनकमाईचा काळ

छापखाना सुटल्यावर दुसरा छापखाना काढायला भांडवल द्यायला लोक तयार होते. फाळक्यांनी ते घेतलं नाही. इथे प्रकरणाचा पहिला खरा निर्णय होतो. कारण सिनेमा तोवर ठरलेला नव्हता. ठरलं होतं ते एवढंच की छापखाना नाही.

याच सुमाराला गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट त्यांनी पाहिला. हा प्रसंग प्रसिद्ध आहे. पडद्यावर ख्रिस्ताच्या जागी राम आणि कृष्ण दिसले, वगैरे. फाळक्यांनी स्वतः १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात याबद्दल लिहिलं आहे. प्रसंगातला एक तपशील मात्र फारसा कोणी उचलत नाही. ते एकटे गेले नव्हते. मोठा मुलगा भालचंद्र बरोबर होता, आणि पुढे सरस्वतीबाईंनाही त्यांनी हा खेळ नेऊन दाखवला. नवऱ्याच्या डोक्यात काय शिरलंय हे बायकोला त्याच्या तोंडून ऐकावं लागलं नाही, पडद्यावर दिसलं. नंतर जे जे तिच्याकडून मागितलं गेलं ते पाहता ही बाब किरकोळ नाही.

त्यापुढचे काही महिने माणूस कमवत नव्हता, आणि घरी बसूनही नव्हता. लागेल तो चित्रपट पाहायचा, परदेशी यादीपुस्तकं वाचायची, स्वस्तातलं एक चित्रयंत्र मिळालं होतं ते मेणबत्ती लावून उघडायचं-जोडायचं, झोप जेमतेम. डोळ्यांनी हात टेकले. काही काळ त्यांना जवळजवळ दिसेनासं झालं. डॉक्टरांचे उपचार आणि एकावर एक चष्मे यांनी नजर परत आली. घरातला एकमेव कमावता हात थांबलेला आणि वर त्याचे डोळे गेलेले, या आठवड्यांत दादरच्या त्या घरात काय बोलणं झालं असेल याची नोंद कुठे सापडत नाही. असती तर प्रकरण लिहायला ती मला लंडनच्या सगळ्या हकिकतीपेक्षा जास्त उपयोगी पडली असती.

पैसा कुठून आला

फाळक्यांच्या आयुर्विम्याच्या पॉलिसी होत्या, बारा हजार रुपयांच्या. त्या गहाण टाकून त्यांनी दहा हजारांचं कर्ज उचललं.

हा आकडा किती मोठा, हे समजायला त्यांच्याच 'राजा हरिश्चंद्र' या पहिल्या चित्रपटातली एक मोजपट्टी आहे. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा त्यांनी एका हॉटेलातला अण्णा साळुंके नावाचा स्वयंपाकी निवडला. त्याला हॉटेलात महिना 10 रुपये मिळत, फाळक्यांनी 15 कबूल केले. म्हणजे दहा हजार रुपये हा राणी तारामतीचा पंचावन्न वर्षांचा पगार.

आणि गहाण काय पडलं, तर विमा. विमा हा मुळात पॉलिसीधारकाच्या उपयोगाचा नसतो, मागे राहणाऱ्यांच्या उपयोगाचा असतो. फाळक्यांनी एक बायको आणि एक मूल प्लेगमध्ये गमावलेलं. माणसं अचानक जातात हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. तरीही गहाणाला तोच कागद निघाला, कारण घरात दुसरं तारण नव्हतं. लंडनच्या बोटीत काही बरंवाईट झालं असतं तर सरस्वतीबाईंच्या हातात कर्ज वजा जाता फारसं काही उरलं नसतं. 'सर्वस्व पणाला लावलं' याचा पहिला अर्थ हा: पणाला लागलं ते बायको-मुलांच्या वाट्याचं.

1 फेब्रुवारी 1912 ला ते लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' या सिनेमाच्या साप्ताहिकाचं कार्यालय शोधून थेट संपादकांना भेटले. संपादक कॅबर्न यांनी सुरुवातीला परावृत्तच केलं. इंग्लंडातही या धंद्यात लोक बुडतायत, हिंदुस्थानच्या हवेत हे जमणार नाही, असा सूर. पण माणूस ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनीच योग्य कॅमेरा सुचवला आणि इंग्रज चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत पाठवलं. तिथे चित्रण आणि फीत धुण्याची कामं फाळक्यांनी प्रत्यक्ष पाहिली.

विल्यमसन कॅमेरा 50 पौंडांना पडला. तेव्हा पौंडाला 15 रुपये असा दर होता, म्हणजे साडेसातशे रुपये. दहा हजारांतले साडेसातशे! 'कॅमेऱ्यासाठी घर गहाण' असं जे आपण मनात धरतो, ते गणितात बसत नाही. खर्च होता तो बाकीच्याला: कच्ची फीत, छिद्रं पाडायचं यंत्र, छापायचं यंत्र, येणं-जाणं, आणि चित्रपट पुरा होईपर्यंत सगळ्यांच्या पोटाला लागेल ते. 1 एप्रिलला ते परतले आणि फाळके फिल्म्स सुरू झाली.

दहा हजार पुरणार नव्हतेच. आणखी कर्ज हवं, तर सावकाराला दाखवायचं काय? फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर रोखून ठेवला. रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभराहून अधिक काळ हे चाललं. तयार झाली ती मिनिटभराची फीत: कोंब फुटतो, वर येतो, वेल होते. हा 'अंकुराची वाढ' पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी पैसे पुढे केले.

या सगळ्या प्रकरणात मला हा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. खर्च जवळजवळ शून्य. नट नाही, पोशाख नाही, सेट नाही. आणि सावकाराच्या मनातल्या दोन शंकांची उत्तरं त्या मिनिटात होती. एक, या माणसाला यंत्र चालवता येतं का. दोन, पडद्यावर असं काही दिसेल का की ज्याला लोक पैसे देतील. विम्याचा कागद गहाण टाकणारा फाळके आणि वाटाणे पेरणारा फाळके ही दोन वेगळी माणसं वाटतात. दुसरा जरा आधी जागा झाला असता तर पहिल्याला इतकं पुढे जावं लागलं नसतं, असंही मनात येतं. पण कॅमेऱ्याशिवाय वाटाण्याचं चित्रण होणार नव्हतं आणि पॉलिसीशिवाय कॅमेरा येणार नव्हता.

एवढ्यानेही भागलं नाही. सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

घर हाच कारखाना

आता या प्रकरणाचा गाभा.

फाळक्यांच्या आधी कोणी प्रयत्नच केला नव्हता असं नाही. दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' 18 मे 1912 ला, म्हणजे फाळक्यांचा चित्रपट यायच्या वर्षभर आधी, गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला होता. पण तो रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होता, कॅमेऱ्यामागे इंग्रज होता आणि फीत धुवायला लंडनला गेली होती. पैसा असेल तर ही सुटसुटीत वाट. आजही बहुतेकांनी हीच धरली असती: आपल्याला येतं तेवढं आपण करावं, बाकीचं बाहेरून करून घ्यावं.

फाळक्यांनी उलट केलं. छिद्रं पाडण्यापासून प्रत छापण्यापर्यंत सगळं घरात. हे स्वदेशीचं तत्त्व होतं हे खरं, त्यांनी तसं म्हटलंही आहे. पण हिशेबाच्या वहीत पाहिलं तर त्याचा आणखी एक अर्थ निघतो. काम बाहेर दिलं की रोख पैसा लागतो. काम घरात ठेवलं की माणसं लागतात, आणि फाळक्यांच्या घरात पैसा नव्हता, माणसं होती. नेमकं सांगायचं तर एक माणूस होतं.

त्या काळी कच्ची फीत कडांना छिद्रं नसलेली यायची. कॅमेऱ्याच्या दात्यांनी ती ओढून पुढे न्यायची तर आधी दोन्ही कडांना नेमक्या अंतरावर छिद्रं पाडावी लागत. आणि फीत प्रकाशाला संवेदनशील, त्यामुळे हे काम अंधारात. छिद्र किंचित तिरकं गेलं तर पडद्यावर चित्र थरथरणार. सरस्वतीबाई हे काम शिकल्या आणि रात्री, स्वयंपाकघर आवरून झाल्यावर करू लागल्या. किती काम? 'राजा हरिश्चंद्र' 3700 फुटांचा होता. 35 मिलिमीटरच्या फितीत फुटाला 16 चौकटी आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंनी चार-चार छिद्रं. गुणाकार केला तर 4,73,600 छिद्रं होतात. हे फक्त शेवटी पडद्यावर दिसलेल्या लांबीचं; वाया गेलेलं चित्रण वेगळं आणि दाखवायच्या प्रतीची फीत वेगळी. यंत्र होतं, एकेक भोक टोचायचं नव्हतं, हे मान्य. पण अंधाऱ्या खोलीत फीत सरळ धरून पुढे सरकवत राहायचं काम यंत्र करत नव्हतं.

दिवसाची कामं वेगळी. रसायनं मिसळायची, फीत धुवायची, उन्हात चित्रण चालू असताना नटांच्या तोंडावर प्रकाश परतवायला पांढरी चादर धरून उभं राहायचं. आणि स्वयंपाक. कंपनीतली साठ-सत्तर माणसं फाळक्यांच्याच घरी जेवत. खाणावळीत सोय केली असती तर त्याचं बिल आलं असतं. सरस्वतीबाईंनी कधी बिल लावलं नाही. पोरं पायात घोटाळत होती ती वेगळीच.

'राजा हरिश्चंद्र'चं खरं अंदाजपत्रक मांडायचं तर विम्याचे दहा हजार, नाडकर्णी-देवहारेंचं कर्ज, दागिने या ओळींखाली आणखी एक ओळ हवी: प्रयोगशाळा, मुदपाकखाना आणि प्रकाशयोजना, एकूण मजुरी काही नाही. ही ओळ बाजारभावाने भरली असती तर चित्रपट झाला नसता. म्हणून मी म्हणतो की सगळं घरात करण्याचा निर्णय आणि सरस्वतीबाईंचं बिनपगारी काम हे दोन वेगळे मुद्दे नाहीत. पहिला दुसऱ्यावर उभा होता.

मुलांचं काय झालं? ती कामाच्या जागेतच वाढली. रोहिदासच्या भूमिकेला मूल हवं होतं. गोष्टीत रोहिदास वनवास भोगतो आणि मरतो. अशा अभद्र भूमिकेला कोण आईबाप पोटचा पोर देणार? कोणी देईना. मग भालचंद्र उभा राहिला. चित्रणाच्या दिवसांतली एक हकीकत सांगतात. खेळता खेळता भालचंद्र दगडावर पडला, डोक्याला लागलं, शुद्ध हरपली. मंडळी म्हणाली चित्रण थांबवू. फाळक्यांना रोहिदासच्या प्रेताचा प्रसंग घ्यायचा होताच; त्यांनी बेशुद्ध मुलावरच तो घेऊन टाकला.

चित्रपटावरच्या निष्ठेचा दाखला म्हणून ही हकीकत कौतुकाने सांगितली जाते. मला ती कौतुकाने ऐकवत नाही. पण ती खरी मानली तर एक गोष्ट त्यातून स्वच्छ दिसते: बाप कुठे संपतो आणि दिग्दर्शक कुठे सुरू होतो, ही रेघ त्या घरात उरली नव्हती. आणि ती पुसली गेली होती म्हणूनच चित्रपट एवढ्या पैशात होत होता.

यश आणि त्यानंतर

21 एप्रिल 1913 ला ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला, 3 मेला कोरोनेशनमध्ये चित्रपट लोकांसाठी लागला. चालला, चांगला चालला. कर्जाचं ओझं हलकं झालं आणि त्याच वर्षी फाळके सगळा पसारा घेऊन नाशिकला गेले.

सर्वसाधारण गोष्ट इथे संपते. घराच्या दृष्टीने मात्र पुढची तीस वर्षं बघायला हवीत, कारण धंदा बदलणं जमलं की नाही हे पहिल्या यशावरून कळत नाही.

'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' आले. एकाचा पैसा दुसऱ्यात गेला. 1914 मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तिथे नाव झालं, आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. कच्ची फीत मिळेना, भांडवल आटलं. पहिल्या चित्रपटाच्या वेळची ओढाताण पुन्हा सुरू. 1917 च्या 'लंकादहन'ने हात दिला. साळुंके यात राम आणि सीता दोन्ही झाला होता. या चित्रपटाची नाणी बैलगाड्यांत भरून न्यावी लागली असं सांगतात.

त्यानंतर भांडवलदार आपणहून आले. 1918 च्या सुरुवातीला पाच जणांच्या भांडवलावर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, फाळके त्यात काम सांभाळणारे भागीदार. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' तिथले. 'कालियामर्दन'मध्ये बाळकृष्ण होती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीलाच या सात वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावरचे भाव दाखवले आहेत. रोहिदास झालेला भाऊ आणि कृष्ण झालेली बहीण, दोघंही बापाच्या गरजेतून पडद्यावर आले. मंदाकिनीचं काम पाहिलं तर तिला ते आवडत होतं असंच वाटतं.

भागीदारांशी फार काळ जमलं नाही. खर्च किती करायचा आणि हिशेब कोणी कोणाला द्यायचा, इथे खटके. ज्या माणसाने आधीचे सगळे चित्रपट घरखर्च आणि धंद्याचा खर्च एकाच पेटीतून केले, त्याला पावत्या मागणारे भागीदार रुचले नसणार हे उघड आहे. भागीदारांचंही चूक म्हणता येत नाही. छापखान्यातही शेवट असाच झाला होता. 1919 नंतर फाळके कंपनी सोडून कुटुंबासह काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. नाटकाने पैसा दिला नाही. काही वर्षांनी ते त्याच कंपनीत परतले, या वेळी पगारी माणूस म्हणून.

बोलपट आले तेव्हा साठी उलटली होती. 1932 चा 'सेतुबंधन' मूकपटच होता, आवाज त्याला मागाहून जोडला. 1937 मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. पुढची वर्षं नाशिकला, तंगीत गेली. 16 फेब्रुवारी 1944 ला ते वारले. त्यांच्या नावाचा पुरस्कार त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1969 मध्ये सुरू झाला.

दुसरे पर्याय होते का

होते. सर्वांत ठळक पर्याय म्हणजे 1911 मध्ये देऊ केलेलं भांडवल घेऊन दुसरा छापखाना काढायचा, दोन-तीन वर्षं तो चालवायचा आणि त्या पैशातून सिनेमा करायचा. कोणताही सल्लागार हेच सांगेल. विमा शाबूत राहिला असता, दागिने राहिले असते. विरोधात दोन गोष्टी जातात. 'पुंडलिक' दाखवून देतो की मुंबईत हे डोहाळे एकट्या फाळक्यांना लागलेले नव्हते. दोन-तीन वर्षं थांबले असते तर महायुद्धाच्या तोंडावर कच्ची फीत शोधत बसले असते. आणि दुसरी, छापखाना चालवून सिनेमा करण्याइतका हा माणूस विभागून काम करणारा नव्हताच. डोळे जाईपर्यंत एकाच गोष्टीमागे लागणाऱ्याला 'दिवसा छपाई, रात्री चित्रपट' हा सल्ला कागदावर छान, बाकी काही नाही.

मला खरा चुकलेला पर्याय 1917-18 मधला वाटतो. 'लंकादहन'नंतर पहिल्यांदाच हातात खरा पैसा होता आणि भांडवलदार दाराशी होते, म्हणजे अटी घालण्याची ताकद होती. घराचं म्हणून काही वेगळं काढून ठेवायचं, सरस्वतीबाईंचा वाटा कागदावर आणायचा, तर तीच वेळ. कंपनीच्या हकिकतीत भागीदार म्हणून सरस्वतीबाईंचं नाव येत नाही. 1912 मध्ये घर आणि धंदा एकत्र असणं ही ताकद होती, कारण पैसा नव्हता. पैसा आल्यावरही ते तसंच राहिलं, आणि मग धंद्यातला प्रत्येक खड्डा थेट स्वयंपाकघरात उतरू लागला.

आणि शेवटचा एक प्रश्न, जो अशा कुठल्याही प्रकरणात आधी विचारायला हवा: 3 मे 1913 ला थिएटर रिकामं राहिलं असतं तर? फाळक्यांपुरतं उत्तर फार भयंकर नाही. छपाईतलं त्यांचं नाव शाबूत होतं. भांडवल देऊ करणारे दोन वर्षांपूर्वी होते, पुन्हाही भेटले असते. कर्ज फेडायला दहा-बारा वर्षं लागली असती, पण परतीची वाट होती. सरस्वतीबाईंना तशी वाट नव्हती. विमा गहाण, दागिने गेलेले. रसायनांचं माप त्यांना कळत होतं, फीत धुता येत होती, अंधारात छिद्रं सरळ पाडता येत होती. पण त्या वर्षी मुंबईत नवऱ्याच्या घराबाहेर या कामाला कोणी पगार देणारं नव्हतं.